जिवंत शेवंड (लॉबस्टर) कस्टम्समध्ये अडवणं म्हणजे बंदीच नाही का?

वेसावकर_७: जिवंत मालाला बंदी घालायला पत्रक काढावं लागत नाही, रांगेत ठेवला की झालं. नोव्हेंबर 2020 मध्ये शांघायला ऑस्ट्रेलियाची जिवंत शेवंड तपासणीच्या नावाखाली विमानतळावर पडून राहिली. तो व्यापार पुन्हा सुरू व्हायला 2024 संपत आलं. आपल्या मुंबईच्या सहार विमानतळावरून जाणाऱ्या मालाचं दुखणं तेच. शेवंड गार पाण्यात सुस्त करून थर्माकोलच्या पेटीत रचायची, चिंबोरीच्या (खेकड्याच्या) नांग्या सुतळीने आवळायच्या, की तिथून एकेक तास मोजायचा. मेलेल्या शेवंडीला जिवंतचा भाव कोण देणार? आणि तिकडे पेटी मेली की व्यापारी इकडे धक्क्यावर भाव पाडतो. मार बोटवाल्याला. सरकारने हा विषय लावून धरलाच पाहिजे.

खाडीकाठ: दादा, प्रत्येक तपासणी म्हणजे अडवणूक नव्हे. चिंबोरी धडधाकट दिसते, पण कोळंबीच्या व्हाइट स्पॉट रोगाचा विषाणू तिच्या अंगातून जाऊ शकतो. ज्या देशात कोळंबीची तळी आहेत तो पेटी उघडून बघणारच. आपणही बघू.

डोलकर: आधी आपलं घर बघा. मुंबईच्या शेवंडीला निर्यातीसाठी किमान 300 ग्रॅमचा नियम 2003 पासून आहे. तरी त्याहून लहान आणि पोटाखाली अंडी असलेल्या माद्या धक्क्यावर विकल्या जातात, माझ्या डोळ्यांसमोर. चपटी शेवंड, जिला व्यापारी सँड लॉबस्टर म्हणतात, 1990 च्या दशकात आपल्या पाण्यातून जवळपास संपली. ती कस्टम्सने नाही संपवली.

वेसावकर_७: डोलकर, लहान शेवंड पकडूच नये, यात वादच नाही. अंड्यांची मादी तर लगेच पाण्यात सोडावी. पण म्हणून नियमात बसणारा माल का मरावा? खाडीकाठ, तपासणी हवीच. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू आहे. अटी पूर्ण असतील तर नाशवंत माल कमीत कमी वेळात सोडायचा, खूप उशीर झाला तर लेखी विचारल्यावर शक्य तितकं कारण कळवायचं, हे त्यात आहे. एकटा निर्यातदार हे कारण मागायला घाबरतो, कारण पुढची पेटीही त्याच दारातून जायची असते. म्हणून दिल्लीने मागावं.

भाऊचा_धक्का: कारण कळेपर्यंत शेवंड मेलेली असणार, ताई-दादांनो. ऑस्ट्रेलियाची नव्वद टक्क्यांहून जास्त रॉक लॉबस्टर एकट्या चीनला जायची, म्हणून एक दार बंद होताच सगळे अडकले. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्यावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा गोठवलेली कोळंबी निदान कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून दुसरं गिऱ्हाईक शोधता आलं. जिवंत मालाला ती सोय नाही. मी सरकारी पत्रावर भरवसा ठेवणार नाही, आधी दोन-तीन देशांतले खरेदीदार जोडेन.

वेसावकर_७: मोठ्या पार्टीला जमेल. हंगामात थोड्याच पेट्या पाठवणाऱ्याने तीन देश कुठून आणायचे? त्याच्यासाठी कुणीतरी लेखी विचारायलाच हवं.