सर्पदंशावर बोलणारे वक्ते हवे आहेत

नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमचे छोटे सेवा मंडळ दर महिन्याला एका पाहुण्या वक्त्यांचे व्याख्यान ठेवते आणि त्या विषयाला जोडून गावासाठी एखादे काम हाती घेते. मृग लागण्याआधीचे व्याख्यान सर्पदंशावर व्हावे, असे आम्ही ठरवले आहे.

त्यामागचे कारण सांगते. गेल्या भातकापणीत आमच्या वाडीतील एका काकूंना जांभ्याच्या गडग्यापाशी फुरसे चावले. घरच्यांनी पाय सुंभाने इतका घट्ट आवळला की सुंभ त्वचेत रुतला होता, आणि पुढे मांत्रिकाकडे दोन तास गेले. काकू वाचल्या, पण पायाची जखम अजून भरलेली नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष आपल्याकडे मिळते, तरीही दंशाची जागा बांधू नये आणि पाय न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे, एवढी साधी गोष्ट घरोघरी पोहोचलेली नाही, याचे फार वाईट वाटते.

सभागृहात नव्हे, तर संध्याकाळी वाडीतल्या देवळात बसून, बायाबापड्यांच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देतील असे डॉक्टर किंवा सर्पमित्र कोणाच्या ओळखीचे आहेत का? मानधन साधारण किती द्यावे? शिवाय शेतमजूर महिलांना गमबूट आणि विजेऱ्या द्यायच्या आहेत. महिलांच्या मापाचे गमबूट चिपळूण किंवा रत्नागिरीत घाऊक दरात कुठे मिळतील, हेही कृपया कळवावे.