आडवळणाचे बोलणे: दोष बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?

स्पष्टवक्ता: मतभेद उघड न बोलणे हे अनेक संस्कृतींत सौजन्य मानले जाते, मिश्र गटात मात्र हे सौजन्य महागात पडते, असे माझे मत आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडले की काही समाजांत अर्थाचा मोठा भाग शब्दांत नसून संदर्भात असतो. तो संदर्भ ज्याच्याजवळ नाही, त्याच्यापर्यंत नकार पोहोचतच नाही. २५ जानेवारी १९९० रोजी इंधन संपून न्यूयॉर्कजवळ कोसळलेल्या आव्हियांका ५२ या कोलंबियाच्या विमानाच्या वैमानिकांनी हवाई वाहतूक नियंत्रकाकडे प्राधान्य मागितले, परंतु ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. ७३ जण मरण पावले.

साशंक: त्या अपघाताचे खापर संस्कृतीवर फोडणे मला पटत नाही. तपास अहवालाने वैमानिकांना दोषी धरलेच. त्याचबरोबर हवाई वाहतुकीचे अपुरे नियोजन आणि इंधनटंचाईसाठी प्रमाणित शब्दांचा अभाव यांवरही बोट ठेवले. शिवाय ‘आमचे इंधन संपत आहे’ असे ते बोलले होते. याहून थेट वाक्य कोणते असते? ठरावीक शब्द कानी पडल्याखेरीज ज्याला निकड कळत नाही, तोही आपल्या संकेतांचाच बांधील असतो. फक्त त्याच्या संकेतांना आपण ‘स्पष्टता’ म्हणतो.

स्पष्टवक्ता: नियंत्रकाबद्दलचा मुद्दा मान्य. तरीही ‘आणीबाणी आहे असे त्यांना सांग’ असे कप्तानाने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये बजावले होते, आणि सांगितल्याचे उत्तरही त्याला मिळाले. तो शब्द वाटेत कुठे गळला?

तिऱ्हाईत: भाषांतरात, किंवा भिडेत, एका वाक्यावरून ते ठरवता येणार नाही. अशा ठिकाणी आपण राष्ट्रस्वभावाकडे फार लवकर वळतो. डच समाजमानसशास्त्रज्ञ गेर्ट हॉफ्स्टेड यांची राष्ट्रीय संस्कृतींची प्रसिद्ध मोजमापे मुख्यतः आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर उभी आहेत, आणि ती देशांच्या सरासरीबद्दल बोलतात, समोर बसलेल्या माणसाबद्दल नव्हे. जपानी माणूस उत्तरापूर्वी बराच वेळ गप्प राहतो, असा समज आहे. २००९ मध्ये दहा भाषांतील संभाषणे मोजली गेली, तेव्हा ‘हो की नाही’ छापाच्या प्रश्नांना सर्वांत लवकर उत्तर जपानी भाषकांकडून आले आणि सर्वांत उशिरा डॅनिश भाषकांकडून. (हा निकाल वाचून मीही चकित झालो होतो.)

साशंक: वेगाने आलेले ‘हो’ म्हणजे संमतीच असते, असे मात्र यावरून ठरत नाही.

स्पष्टवक्ता: म्हणूनच बैठकीत मी आता ‘जमेल का?’ असे विचारत नाही. ‘यात अडचण कुठे येईल?’ असे विचारतो. नकार देण्याची वेळच त्यामुळे समोरच्यावर येत नाही.

साशंक: म्हणजे आडवळणाने विचारता तर!