हायबरनेट: पोस्टवरून एक टॅग काढला तर जॉइन टेबलमधल्या सगळ्या रो उडून परत इन्सर्ट होतायत

अर्धविराम:
हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलशी जोडणारी लायब्ररी) वापरतोय. पोस्ट आणि टॅग अशा दोन एन्टिटी (टेबलशी जोडलेले क्लास) आहेत, मध्ये मॅनी-टू-मॅनी, जॉइन टेबल (कुठल्या पोस्टला कुठला टॅग ते ठेवणारं) पोस्टमध्ये डिक्लेअर केलंय आणि टॅगमध्ये मॅप्डबाय आहे (म्हणजे नातं पोस्टकडून सांभाळलं जातं). एका पोस्टला 12 टॅग, त्यातला एक लिस्टमधून रिमूव्ह केला आणि एसक्यूएल लॉग बघितला तर आधी एक डिलीट जाऊन त्या पोस्टच्या सगळ्या रो साफ, आणि मग 11 इन्सर्ट! डेटा शेवटी बरोबर आहे पण असं का? दुसरं म्हणजे टॅगच डिलीट करायला गेलो की फॉरेन कीचा एरर येतो, एकाने सांगितलं टॅगवर कॅस्केड ऑल (टॅगवर केलेली क्रिया जोडलेल्या पोस्टवरही) लाव, लावू का?

रिकामा_लूप:
नको रे बाबा, कॅस्केड अजिबात नको!! एरर जाईल हे खरं, पण का जाईल ते बघ, टॅग डिलीट केला की तो टॅग असलेल्या सगळ्या पोस्टच डिलीट होतील, मग अडवायला उरणार कोण. रिमूव्हचा कॅस्केड समोरच्या एन्टिटीवर जातो, जॉइन टेबलच्या रोशी त्याचा संबंध नाही.

एरर येतो कारण ओनिंग साइड (जॉइन टेबल सांभाळणारी बाजू) पोस्ट आहे, टॅग डिलीट करताना हायबरनेट जॉइन टेबलकडे ढुंकूनही बघत नाही, त्या टॅगच्या रो तिथे तशाच राहतात आणि डेटाबेस डिलीट अडवतो. म्हणून आधी त्या टॅगच्या प्रत्येक पोस्टमधून टॅग काढायचा, मग टॅग डिलीट, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं कारण फ्लश (साठलेले बदल डेटाबेसला पाठवणं) होताना कलेक्शनचे बदल आधी जातात आणि एन्टिटीचे डिलीट शेवटी.

आणि पहिल्या प्रश्नाचं म्हणशील तर लिस्टच्या जागी सेट कर. ऑर्डर कॉलम नसलेली लिस्ट म्हणजे हायबरनेटसाठी बॅग, त्यात डुप्लिकेट चालतात, त्यामुळे नेमकी कुठली रो उडवायची हे त्याला ठरवता येत नाही आणि तो सगळं पुसून नव्याने लिहितो.

जुनाबग:
वरचं बरोबर, पण एका टॅगला हजारो पोस्ट असतील तर त्या सगळ्या मेमरीत आणून लूप फिरवणं म्हणजे शिक्षाच. सरळ जॉइन टेबलच्या टॅग आयडीवर डेटाबेसमध्येच ऑन डिलीट कॅस्केड लावा, त्याने फक्त जॉइन टेबलच्या रो जातात, पोस्टला धक्का लागत नाही. नाव तेच असलं तरी जेपीएचा (जावाचं स्टँडर्ड, हायबरनेट तेच पाळतं) कॅस्केड वेगळा. फक्त सेशनमध्ये (हायबरनेटच्या मेमरीत) आधीच लोड झालेल्या पोस्टना हे कळत नाही, त्यांच्या सेटमध्ये टॅग तसाच दिसत राहतो, म्हणून डिलीटनंतर फ्लश आणि क्लिअर करून घ्या.

(पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये यातलं काहीच करावं लागत नाही, टॅग डिलीट केला की जॉइन टेबलच्या रो तोच काढतो. असो, जावावाल्यांचं नशीब.)

अर्धविराम:
सेट केला, धन्यवाद दोघांना. पण आता रिमूव्ह फॉल्स रिटर्न करतोय, एरर नाही काही नाही, जॉइन टेबलमधली रो पण तशीच. टॅग मी रिक्वेस्टमध्ये आलेल्या आयडीवरून न्यू करून (नवा ऑब्जेक्ट बनवून) देतोय.

रिकामा_लूप:
मग बरोबरच आहे, इक्वल्स आणि हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का हे सेटला सांगणाऱ्या मेथड) लिहिलेच नसतील तर सेटसाठी तो वेगळाच ऑब्जेक्ट. टॅगचं नाव युनिक असेल आणि बदलत नसेल तर त्यावर दोन्ही लिही, पण मग न्यू केलेल्या टॅगमध्ये नावही भरावं लागेल. तुझ्याकडे नुसता आयडीच आहे ना, मग सध्या रिमूव्ह-इफ वापरून आयडी जुळला की काढ. हॅशकोड जनरेटेड आयडीवर मात्र नको, सेव्ह करण्याआधी आयडी नल असतो, सेव्ह झाल्यावर हॅश बदलतो आणि मग सेटमध्ये असलेला टॅगसुद्धा सापडत नाही.