सेस्ना १७२ : अल्टरनेटर बदलला तरी अँमीटरचा काटा डोलतोच

दिंडोरीकर :
नमस्कार मंडळी. गाड्यांच्या वायरिंगच्या गप्पांत विमान घुसवतोय, रागावू नका. आम्ही तिघांनी भागीत घेतलेलं जुनं सेस्ना १७२ एन आहे, १९७८ चं, २८ व्होल्टवालं (बॅटरी २४ ची). नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर उभं असतं. भागीदारांत एक डॉक्टर, एक सातपूरचा कारखानदार आणि मी द्राक्षवाला. म्हणजे विजेतलं कळणारा एकही नाही.

दुखणं असं : सकाळच्या थंडीत सुरू केलं की सगळं सुरळीत. गंगापूर धरणावरून वळून रामशेजकडे तोंड करेपर्यंत वीसेक मिनिटं होतात आणि अँमीटरचा (बॅटरीत वीज जातेय की निघतेय हे दाखवतो तो) काटा नंदीबैलासारखा मान हलवायला लागतो. लँडिंग लाइट लावला की जास्तच. रेडिओचे आकडे त्याच तालात मंद-प्रखर होतात, हेडफोनमध्ये घरघर येते. दोनदा व्होल्टेजचा धोक्याचा दिवा लागला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मास्टर स्विचचे दोन्ही भाग (एक बॅटरीचा, दुसरा अल्टरनेटरचा) बंद करून पुन्हा चालू केले, तेव्हा गेला.

इंजिन मॅग्नेटोवर (स्वतःची ठिणगी स्वतः बनवणाऱ्या यंत्रावर) चालतं, वीज गेली तरी पंखा थांबत नाही, हे बायकोला शंभरदा सांगून झालंय. पण पंखांवरचे फ्लॅप विजेवर, रेडिओ विजेवर, रडारला आपली ओळख देणारा ट्रान्सपाँडर विजेवर. टॉवरशी बोलता बोलता आवाज गेला तर काय?

आधी बॅटरी बदलली, मग वीज बनवणारा अल्टरनेटर, मग त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर. तीन भाग, तीन बिलं, आणि काटा आपला डोलतोय. आता कशाला हात घालायचा?

मखमलाबादचा राजा :
तुमच्या तीन बिलांत माझी बुलेट आली असती राव. चालू द्या, वाचतोय.

अंबडचा वायरमन :
विमान कधी उघडलं नाही, पण ट्रॅक्टर आणि ट्रक रोज उघडतो. लोड पडल्यावर बिघडतंय म्हणजे पहिला संशय बेल्टवर, पण नवा अल्टरनेटर चढवताना तो ताणलाच असणार. दुसरा अर्थिंगवर. तुमचं इंजिनही रबरावरच बसवलेलं असेल ना? मग इंजिन ते बॉडी जी पट्टी असते तिचे थिंबल (टोकाला दाबलेली कडी) काढून घासून बघा. कटआऊट, म्हणजे तुमचा रेग्युलेटर, नवा टाकलाय म्हणता, तर तो बिचारा निर्दोष असेल.

ओझरचे आजोबा :
वायरमन साहेब बरोबर वाटेवर आहेत, पट्टी बघाच. पण डोलणारा काटा म्हटलं की माझं बोट दुसरीकडे जातं. ओझरच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात मिगपासून सुखोईपर्यंत ३१ वर्षं वायरिंगच केलं, सेस्ना त्यामानाने बैलगाडी. बैलगाडीचंही चाक कुरकुरतंच म्हणा.

रेग्युलेटरला बसबारवर (जिथून सगळ्यांना वीज वाटली जाते तो दांडा) किती व्होल्ट आहेत हे कळायला वेगळी वायर नाही. ज्या वाटेने फील्डला (अल्टरनेटरच्या आतलं चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीला) करंट जातो, त्याच वाटेने तो व्होल्टेजही बघतो. बसबार, तिथून फील्डचा ब्रेकर, तिथून मास्टर स्विचचा ‘अल्ट’ लिहिलेला अर्धा भाग, मग रेग्युलेटर. आता समजा या वाटेत कुठे अर्ध्या ओहमचा मळ बसलाय. फील्डने २ अँपिअर ओढले की तिथेच १ व्होल्ट खाल्ला जातो, यालाच ड्रॉप म्हणतात. बसबारवर २८ असताना रेग्युलेटरला दिसतात २७. तो म्हणतो कमी आहे, वाढवा. फील्ड वाढलं की ड्रॉप वाढतो, बसबार वर चढतो, मग तो एकदम हात आखडतो. करंट घटला की ड्रॉपही घटतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हाच तुमचा नंदीबैल. उसळी फार झाली की ओव्हरव्होल्टेजचा सेन्सर अल्टरनेटर तोडतो, तेव्हा तुमचा दिवा लागतो.

नवे भाग टाकून दोन-चार दिवस बरं वाटलं असेल. तारा हलल्या, मळ थोडा घासला गेला, एवढंच.

इंजिन बंद, मॅग्नेटोची किल्ली तुमच्या खिशात, पंख्यासमोर कोणी नाही. मास्टरचे दोन्ही भाग चालू, बाकी सगळं बंद. मीटरची एक पिन बसबारवर, दुसरी रेग्युलेटरच्या इनपुटवर. मीटर थेट ड्रॉप दाखवेल. दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर गेला तर एकेक सांधा धरून पुढे सरका. पटकन आटपा, बॅटरी उतरते. आणि हे सगळं लायसनवाल्या इंजिनिअरच्या हाताने. त्याची सही नसेल तर सुटलेला स्क्रूसुद्धा तुम्ही पिळायचा नाही.

दिंडोरीकर :
काका, तुमचं लिहिलेलं कागदावर उतरवून इंजिनिअरसमोर ठेवलं. आधी त्याचं तोंड वाकडं झालं (अल्टरनेटर त्यानेच बदलायला लावला होता), पण मीटर लावला.

बसबार ते रेग्युलेटर : १.२ व्होल्ट. दोघेही गप्प.

मग सरकत गेलो. ब्रेकरवर ०.१. स्विचच्या अल्ट भागावर ०.९. स्विचच्या मागच्या एका थिंबलवर ०.२, तो बोटाने हलवला तरी आकडा बदलत होता. इंजिन ते बॉडीची पट्टी चांगली निघाली, वायरमन दादा, तरी घासून घेतली. स्विच मूळचाच, म्हणजे माझ्या लग्नाच्या आधीचा. भाग यायला तीन आठवडे गेले आणि तोवर बागेत छाटणी उरकली.

काल नवा स्विच बसला, थिंबल नवा दाबला, लॉगबुकात सही झाली. ड्रॉप आता सगळा मिळून ०.१५. आज सकाळी ५० मिनिटं उडलो, अंजनेरीपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम लँडिंग लाइट लावून ठेवला. काटा शहाण्या मुलासारखा जागेवर. डॉक्टर भागीदार शेजारी बसून ढगांऐवजी अँमीटरचेच फोटो काढत होते.

अंबडचा वायरमन :
जुना स्विच फोडून बघितला का?

दिंडोरीकर :
बघितला. आतले कॉन्टॅक्ट चुलीवरच्या तव्यासारखे काळे, एका कडेला खड्डा. बॅटरीचा भाग मात्र बराच स्वच्छ.

ओझरचे आजोबा :
फील्डचा करंट वर्षानुवर्षं त्या चिमुकल्या कॉन्टॅक्टवरून गेला, दुसरं काय होणार. बॅटरीच्या भागाला फक्त मोठा रिले ओढायचा असतो, म्हणून तो टिकला. आता लँडिंग लाइटचा स्विचही त्याच वयाचा असेल. पुढच्या तपासणीला त्याच्यावरही मीटर लावून घ्या. आणि काढलेला जुना अल्टरनेटर भंगारात देऊ नका, तो चांगला असणार.

मखमलाबादचा राजा :
देणार असाल तर मी बुलेटला बसवतो.

दिंडोरीकर :
राजा, त्याच्यासाठी आधी बुलेटला २४ व्होल्टची बॅटरी आणि पंखा लाव.