झोपताना १३०, उठल्यावर १८०: रात्रीतून साखर वाढते कशी?

प्रश्न (परभणी)
माझ्या आईला नऊ वर्षांपासून टाइप २ मधुमेह असून ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेते. महिनाभरापासून झोपताना साखर १३० च्या आसपास असते आणि सकाळी चहा घेण्याआधी तपासली तरी १७५ ते १८५ भरते. घरातले तिच्याकडे संशयाने पाहू लागल्यामुळे तिने रात्रीची ज्वारीची भाकरी सोडली असून आता ती वाटीभर वरण पिऊन झोपते. काल यंत्रावरचा आकडा पाहून ती एवढेच म्हणाली, "मी चोरून काही खात नाही रे." ही वाढ कशामुळे होते, आणि जेवण आणखी कमी करावे का?

उत्तर १ (लातूर)
आधी आईंवरचा संशय काढून टाकावा, कारण ही साखर ताटातून नव्हे, यकृतातून आलेली असण्याची शक्यता अधिक आहे. पहाटे साधारण तीन ते आठच्या दरम्यान कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन यांसारखी संप्रेरके वाढतात, त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि यकृत साखर रक्तात सोडू लागते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड त्याच वेळी इन्सुलिन वाढवून ती आवरते. मधुमेहात तेवढे बळ उरलेले नसते. डॉक्टर याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. उशिरा केलेले जड जेवणही सकाळच्या आकड्यात भर घालते, पण वाटीभर वरणाला तो दोष देता येणार नाही.

उत्तर २ (अंबाजोगाई)
मी परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे आणि मला आकड्यापेक्षा त्या सोडलेल्या भाकरीची काळजी अधिक वाटते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे गोळी तीच ठेवून जेवण तोडले तर साखर ७० च्या खाली उतरू शकते. झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर अशी तपासणी लागोपाठ तीन-चार रात्री करावी, वहीत जेवणाच्या वेळेसह लिहावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. तीनचा आकडा ठीक असून पुढे चढत असेल तर ती पहाटेची वाढ. तीनलाच तो कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तपासण्याआधी बोटे धुऊन पूर्ण कोरडी करावीत, कारण गुळाचा चिकटपणा बोटाला राहिला तरी आकडा खोटा वाढतो.

उत्तर ३ (हिंगोली)
तीनची तपासणी टाळू नका, असे मी स्वानुभवाने सांगतो. रात्रीची लाईट असल्यामुळे मी हरभऱ्याला पाणी देऊन दोनला घरी आलो आणि तासाभराने बनियन घामाने चिंब होऊन जाग आली. साखर ५८ होती. पाण्यात तीन चमचे साखर घालून प्यायलो तेव्हा हातांची थरथर थांबली. मी रात्री इन्सुलिन घेत असल्याने डॉक्टरांनी डोस कमी केला. सकाळच्या चढ्या आकड्याकडे पाहून मी स्वतःच दोन युनिट वाढवण्याच्या विचारात होतो.

प्रश्नकर्ता (परभणी)
तीन रात्री तपासले. पहाटे तीनला ११८, १२४ आणि १२१. साडेसहाला १७४, १८१ आणि १७९. वही घेऊन आम्ही गुरुवारी डॉक्टरांकडे जात आहोत आणि गोळ्यांना तोवर हात लावणार नाही. काल रात्री आठ वाजता आईने मेथीच्या भाजीसोबत एक भाकरी खाल्ली आणि ताट तिच्यापुढे मीच वाढले.