ऊसतोड टोळीतल्या पोरांचं लसीकरण, मदत हवी आहे

मी शिरोळ तालुक्यात आशा म्हणून काम करते. गावाबाहेर माळावर बीडकडची टोळी उतरलीय, पाच वर्षांखालची १७ पोरं आहेत. आमचं सत्र सकाळी १० ला आणि आईबाप पहाटेच फडात, खोपीवर थोरली पोरगी नाहीतर म्हातारी, ती म्हणते आई आल्याशिवाय सुई टोचू देणार नाही. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

मुकादमाला दोनदा सांगून बघितलं, तो म्हणतो पोराला ताप आला की बाईचा खाडा पडतो, मग उचल कशी फिटायची. संध्याकाळी ७ ला गेले तर आया चुलीपुढं, कार्ड मागितलं तर एकीनं पत्र्याच्या पेटीतनं भिजून लगदा झालेलं काढलं, बाकीच्यांची गावाकडंच. यू-विनवर (लसीकरणाच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) शोधावं तर नोंदवलेला मोबाईल नंबर बंद.

सिस्टर संध्याकाळी यायला तयार आहेत, पण गोवर-रुबेलाची बाटली एकदा तयार केली की ४ तासांतच वापरावी लागते, उरलेली फेकायची, म्हणून एक-दोन पोरांसाठी फोडायला नको म्हणतात. आणि टोळी १०-१२ दिवसांत हलणार.

कार्ड नसलं तरी वयाप्रमाणे डोस देतात हे माहितीय, पगारी सुट्टी द्या वगैरे कारखान्याला सांगणं माझ्या हातात नाही. रात्री खोपीवर सत्र कुणी लावलंय का, मुकादमाला काय बोलून पटवलं, आणि टोळी हलली की पुढच्या गावच्या आशाताईला यादी कशी पोचवता?