खायचं सामान आणि डिक्लेरेशन
कुणीतरी लिहिलंय की न्यूझीलंडला जाताना सामानाचा जो डिक्लेरेशन फॉर्म भरतात, त्यात 'फूड'समोर सरळ नो टिक करा, घरचंच तर आहे, कोण बघतंय. असं अजिबात करू नका हो! न सांगितलेलं खाणं तिथे सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, आणि तेवढ्या पैशांत इथे इंदूरला छप्पन दुकानवर, म्हणजे आमच्या खाऊगल्लीत, वर्षभर पोहे-जलेबी होईल.

आम्ही लेकीकडे ऑकलंडला गेलो तेव्हा इंदूरहून दोन किलो सेव, मेतकूट, चिवडा आणि सासूबाईंनी हट्टाने कोंबलेली मधाची बाटली, असं सगळं होतं. मी सगळ्यालाच यस केलं. काउंटरवरच्या बाईंनी सेवेचं पाकीट हलवून विचारलं हे काय, म्हटलं बेसन, तळलेलं, तर हसून बाजूला ठेवलं. मेतकुटाच्या पुडीवर मी मार्करने डाळी-तांदूळ भाजून दळलेलं असं इंग्रजीत लिहून नेलं होतं, तेही सुटलं. मध मात्र गेला, तिथे प्रवाशांना मध नेताच येत नाही. पण सांगितलं होतं म्हणून दंड शून्य.

आणि हो, तो फॉर्म आता ऑनलाइनही भरता येतो, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. सासूबाई अजून विचारतात, मध आवडला का लेकीला.